या वयात आता काय शिकायचं!

मराठी घरांत दिवसातून एकदा तरी ऐकू येणारं आणि जवळजवळ कधीच तपासलं न जाणारं एक वाक्य आहे: ‘या वयात आता काय शिकायचं!’ साठीतले काका ते मोबाइलवरून पैसे पाठवण्याबद्दल म्हणतात, पंचेचाळिशीतली मावशी स्कूटरबद्दल म्हणते आणि हल्ली तिशीतला इंजिनिअरही पोहण्याचा विषय निघाला की हेच म्हणतो. या वाक्याची भावंडंही आपल्या ओळखीची आहेत. ‘आमच्या घराण्यातच गणित नाही.’ ‘मला मुळात सूरच नाही.’ ‘इंग्रजी आपल्याला जमायचं नाही बाई.’ रक्तगट सांगावा तशा ठामपणे ही वाक्यं बोलली जातात. खरं तर त्यांत माहिती काहीच नसते, असतं ते भाकीत. आणि हे भाकीत कधी खोटं ठरत नाही, कारण ते करणारा माणूस वाटेलाच लागत नाही. पाण्यात न उतरलेल्या माणसाचं ‘मला पोहता येणार नाही’ हे म्हणणं मरेपर्यंत खरंच राहतं.

मानसशास्त्रात अशा समजुतींवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि विमानतळावरच्या पुस्तकांच्या दुकानात त्याहून पुष्कळ. दुसऱ्या प्रकारच्या लिखाणाचा सूर साधारण असा असतो की कुंपण तुमच्या मनात आहे, ते तुम्हीच घातलंय आणि तुम्ही ठरवलंत तर आत्ता ते पडेल. मला हा सूर अर्धवट खरा आणि बराच अन्यायाचा वाटतो. कुंपण मनात असतं हे कबूल. पण ते कोणी घातलं आणि ते पडतं कसं, या दोन प्रश्नांची उत्तरं शोधायला पुस्तकांच्या दुकानापेक्षा मुरबाड तालुक्यात जावं.

ठाणे जिल्ह्यातल्या या तालुक्यात फांगणे नावाचं छोटं गाव आहे. ८ मार्च २०१६ रोजी, म्हणजे महिला दिनी, तिथे ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. कल्पना गावातल्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांची. गावात झालेल्या एका वाचनाच्या कार्यक्रमात, आपल्यालाही असं वाचता आलं असतं तर, अशी इच्छा काही म्हाताऱ्या बायांनी बोलून दाखवली. बांगर यांनी ती मनावर घेतली. मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टने दप्तर, पाटी, खडू आणि गणवेश दिला. गणवेश म्हणजे गुलाबी नऊवारी. विद्यार्थिनी साठी ते नव्वदीच्या, संख्येने तिसाच्या आसपास. शाळा भरायची दुपारी दोन ते चार, कारण सकाळची शेतातली, घरातली कामं कोणाला चुकली नव्हती. शिकवायला गावातलीच एक सून.

या बायांपैकी कितीजणींनी आधी ‘आता मसणात गोवऱ्या गेल्या, अक्षरं काय गिरवायची’ असं म्हटलं असेल, याची आपण सहज कल्पना करू शकतो. त्यांचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं होतं असंही नाही. कोणाला दिसत कमी होतं, कोणाला ऐकू कमी येत होतं. आज गिरवलेलं उद्या पुसलं जाई आणि तोच धडा पुन्हा घ्यावा लागे. तरीही थोड्या काळात बऱ्याच जणी स्वतःचं नाव लिहू लागल्या आणि बँकेत अंगठा उठवण्याऐवजी सही करू लागल्या. त्या काही कादंबऱ्या वाचू लागल्या नाहीत, आणि बातम्यांनी या शाळेचं इतकं कौतुक केलं की कदाचित त्या बायांनाही अवघडल्यासारखं झालं असेल. पण सही हा लहान बदल नाही. अंगठ्याखाली काय लिहिलंय हे दुसऱ्याने सांगायचं आणि आपण मान हलवायची, या जन्मभराच्या सवयीला तो पहिला धक्का होता.

आता ‘कुंपण तुम्हीच घातलंय’ हे या आजींना सांगून पाहा. २०१६ साली सत्तर वर्षांची असलेली बाई स्वातंत्र्याच्या आसपास जन्मली. १९५१ च्या जनगणनेत भारतातलं स्त्रियांचं साक्षरतेचं प्रमाण ८.८६ टक्के होतं. शंभरांतल्या एक्याण्णव जणींना अक्षर येत नव्हतं, त्यात डोंगराकडेच्या गावातली मुलगी कुठे असणार हे वेगळं सांगायला नको. तिने ‘शिकणं आपलं काम नाही’ असा निष्कर्ष काढला तो आजूबाजूला बघूनच. आई शिकलेली नाही, आजी नाही, शेजारीण नाही. निष्कर्ष पुराव्याला धरून होता. चूक झाली ती एवढीच की, जे घडू दिलं गेलं नाही त्याला ‘जमत नाही’ असं नाव पडलं. हे नाव बायकांनी स्वतः ठेवलेलं नव्हतं.

ते ठेवणाऱ्यांनी किती मेहनत घेतली होती, तेही बघावं. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली, त्या काळात शिकलेल्या बाईचा नवरा मरतो, तिने वाढलेल्या अन्नात अळ्या होतात, असल्या गोष्टी गंभीर चेहऱ्याने सांगितल्या जात. नुसत्या बंदीपेक्षा ही युक्ती फार पुढची. बंदी असेल तर ती मोडणारी कोणी निघते. पण शिकलीस तर तुझंच कुंकू पुसलं जाईल, ही धास्ती एकदा पोटात गेली की दाराला कडी लावायची गरज उरत नाही, मुलगी स्वतःच बाहेर पडत नाही.

रमाबाई रानड्यांचं उदाहरण या बाबतीत बोलकं आहे. १८७३ साली, अकराव्या वर्षी त्यांचं न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न झालं. न्यायमूर्तींनी बायकोला शिकवायचं ठरवलं. नवरा अनुकूल, घर सुस्थितीतलं, पुस्तकांना तोटा नाही. विरोध आला तो घरातल्याच बायकांकडून. त्यांच्या टोमण्यांची, अबोल्याची हकीकत रमाबाईंनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१० सालच्या पुस्तकात तपशिलाने दिली आहे. ज्यांना स्वतःला शिकू दिलं गेलं नाही, त्याच दुसरीला अडवत होत्या. यात दुष्टपणा शोधण्यात अर्थ नाही. आपल्याला जे जमणार नाही असं आयुष्यभर मानलं, ते समोरची पोर सहज करू लागली तर आपल्या सगळ्या गेलेल्या वर्षांचा हिशेब मांडावा लागतो, आणि तो कोणालाच नको असतो. पुढे १९०९ मध्ये रमाबाईंनी पुण्यात सेवासदन उभं केलं. तिथे शाळेचं वय उलटलेल्या, लग्न झालेल्या, विधवा झालेल्या बायका शिकायला येऊ लागल्या. घरात जे सोसलं, त्यावर रमाबाईंनी दिलेलं उत्तर म्हणजे ही संस्था, असं मी मानतो.

पण या विषयावर एकाच व्यक्तीचं चरित्र वाचायचं असेल तर ते पार्वतीबाई आठवल्यांचं वाचावं. देवरुखच्या जोशी घराण्यात १८७० साली त्यांचा जन्म झाला. अकराव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी वैधव्य, पदरात लहान मुलगा. केशवपन झालेलं. पंचविशी उलटेपर्यंत अक्षरओळख नाही. मोठी बहीण गोदूबाई बालविधवा, ती पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकली आणि १८९३ मध्ये तिने धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. कोकणातल्या त्या घरावर यामुळे काय कोसळलं असेल ते असो. पार्वतीबाईंनी बहिणीसारखं पुन्हा लग्न केलं नाही, त्यांना ते नकोच होतं. मात्र त्या पुण्याला आल्या आणि शिकू लागल्या, शिक्षिका झाल्या, आणि मग हिंगण्याच्या अनाथ बालिकाश्रमाच्या व्यवस्थापिका. आश्रमासाठी गावोगाव फिरून त्यांनी वर्गणी गोळा केली, व्याख्यानं दिली.

या चरित्रात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते त्यातलं ओबडधोबडपण. पार्वतीबाई शिकल्या म्हणून एका रात्रीत बंडखोर झाल्या नाहीत. विधवांच्या शिक्षणासाठी फिरतानाही पुष्कळ वर्षं त्यांचं केशवपन चालूच होतं. सनातनी घरांची दारं उघडायला त्याचा उपयोगही होत असे. ते त्यांनी सोडलं ते खूप पुढे, चाळिशी ओलांडल्यावर. म्हणजे ‘बाई शिकू शकत नाही’ हे कुंपण आधी पडलं, ‘विधवेने डोक्यावर केस ठेवू नयेत’ हे त्यानंतर कितीतरी वर्षांनी. माणसाच्या समजुती अशा सुट्या सुट्या, आपापल्या वेळेने जातात. एका बाबतीत पुढे गेलेला माणूस दुसऱ्या बाबतीत मागे कसा, असा तोरा आपण मिरवतो, तेव्हा हे विसरतो.

इंग्रजी मात्र पार्वतीबाईंना काही केल्या येत नव्हतं. ‘या वयात’ हे वाक्य म्हणायचा अधिकार कोणाला असेल तर तो त्यांना होता. त्यांनी काय केलं? १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या थेट अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी भांडी घासली, घरकाम केलं, हाल काढले आणि १९२० मध्ये परत आल्या. ‘माझी कहाणी’ हे त्यांचं आत्मचरित्र १९२८ सालचं. बहिणीचं उदाहरण डोळ्यांसमोर, कर्व्यांचं घर पाठीशी, आणि एकेक पायरी चढल्यावर पुढची दिसणं: पार्वतीबाईंच्या बाबतीत हे तिन्ही जुळून आलं. आता मानसशास्त्र काय म्हणतं ते पाहू, म्हणजे ही तीन सूत्रं योगायोगाची नाहीत हे कळेल.

१९६७ च्या सुमारास अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर काही प्रयोग केले. आज कोणी करू देणार नाही असेच ते होते. एका गटाला विजेचे झटके बसत, पण समोरची फळी दाबली की ते थांबत. दुसऱ्या गटाला तेवढेच झटके बसत आणि काही केलं तरी थांबत नसत. नंतर दोन्ही गटांना अशा खोक्यात ठेवलं जिथे मधला बुटका अडसर ओलांडला की सुटका होती. पहिल्या गटातली कुत्री उडी मारून पलीकडे गेली. दुसऱ्या गटातली साधारण दोन तृतीयांश कुत्री जागच्या जागी बसून झटके सोसत राहिली. याला ‘शिकलेली असहायता’ म्हटलं गेलं आणि हा प्रयोग जगभर गाजला.

त्याचा पुढचा भाग तितका सांगितला जात नाही. हार मानलेल्या या कुत्र्यांना ताळ्यावर कसं आणायचं? पलीकडे खाऊ ठेवून उपयोग झाला नाही. बोलावून उपयोग झाला नाही. शेवटी गळ्यात दोरी बांधून त्यांना अडसरापलीकडे प्रत्यक्ष ओढून न्यावं लागलं, तेही पुनःपुन्हा. काही खेपांनंतर ती आपण होऊन जाऊ लागली. आणि २०१६ मध्ये, म्हणजे जवळपास पन्नास वर्षांनी, या दोघांनीच मेंदूविज्ञानाच्या नव्या पुराव्यावरून आपला सिद्धांत उलटा केला. असहायता शिकलेली नसते, असं ते आता म्हणतात. दीर्घकाळ त्रास झाला की गप्प बसणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया असते. शिकावं लागतं ते ‘माझ्या करण्याने काही फरक पडतो’ हे. ज्याला हा धडा कधी मिळालाच नाही, त्याला ‘तू नकारात्मक विचार करतोस’ म्हणून दटावण्याला काही अर्थ उरत नाही.

अल्बर्ट बँड्युरा या मानसशास्त्रज्ञाने हाच धागा माणसांच्या बाबतीत पकडला. स्टॅनफर्ड विद्यापीठात त्याने सापांची पराकोटीची भीती असलेल्या लोकांवर उपचार केले. त्यांच्यासमोर दुसरा माणूस साप हाताळे, मग त्याच्या सोबतीने रुग्ण आधी खोलीत येई, मग जवळ जाई, मग हातमोजा घालून स्पर्श करी. काही तासांत ही माणसं साप मांडीवर घेऊन बसत. १९७७ मध्ये बँड्युराने आपलं म्हणणं मांडलं: आपल्याला जमेल ही खात्री सर्वांत पक्की होते ती स्वतः करून पाहिल्याने, त्याखालोखाल आपल्यासारख्याच कोणाला करताना पाहिल्याने, दुसऱ्याने दिलेला धीर आणि धडधडणाऱ्या छातीचा आपण लावतो तो अर्थ यांचं बळ त्यामानाने कमी. फांगण्याच्या एकाच रंगाच्या नऊवाऱ्या इथे पुन्हा आठवून पाहा. शेजारच्या पाटीवर शेजारचीच सखू किंवा भागू चुकतमाकत ‘ग’ काढते आहे, हे बघणं एखाद्या प्राध्यापकाच्या भाषणापेक्षा कितीतरी परिणामकारक असतं.

आता राहिला मेंदूचा प्रश्न. ‘पक्क्या मडक्याला आकार देता येत नाही’ असं आपल्याकडे म्हणतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लखनौजवळच्या दोन खेड्यांतल्या, तिशीच्या आसपासच्या निरक्षर लोकांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं आणि आधी-नंतर त्यांच्या मेंदूची चित्रं घेतली. बदल दिसले ते नुसते वरच्या आवरणात नव्हे, तर मेंदूच्या खोल, जुन्या भागांतही. माणसं मोजकीच होती आणि तिशी म्हणजे नव्वदी नव्हे, त्यामुळे या एका अभ्यासावर सगळी भिस्त ठेवू नये. पण वय झालं की मेंदू बंद होतो हे त्याने तरी दिसत नाही. वाढत्या वयात वेग कमी होतो, उजळणी जास्त लागते. फांगण्याच्या आजीही हेच सांगतील. कमी वेगाने आणि मुळीच नाही या दोहोंत अंतर आहे.

मग मोठ्या माणसांना शिकवायचं कसं, याचं एक उत्तर म्हैसूरजवळ सापडतं. म्हैसूरहून नंजनगूडकडे निघालं की वाटेत कडकोळ लागतं. आज हा सगळा पट्टा कारखान्यांचा आहे. १९४७ साली इथे शेती होती, आणि त्या साली म्हैसूरच्या प्रौढशिक्षण परिषदेने नंजनगूडला कडकोळसारख्या गावांतल्या तरुण शेतकऱ्यांसाठी एक विद्यापीठ सुरू केलं. पदव्या देणारं नव्हे, राहून शिकायचं. प्रेरणा डेन्मार्कमधल्या लोकशाळांची होती. ग्रुंटविग या धर्मोपदेशकाच्या विचारांतून १८४४ मध्ये तिथली पहिली लोकशाळा निघाली, तिचं वैशिष्ट्य म्हणजे परीक्षा नाही. मला ही बारकी गोष्ट फार शहाणपणाची वाटते. ज्याने आयुष्यभर ‘तू नापास’ हेच ऐकलं, त्याला पुन्हा शिकायला बसवून पहिल्याच महिन्यात पेपर हातात देणं म्हणजे त्याच्या जुन्या समजुतीवर सरकारी शिक्का मारणं. आपल्याकडच्या कित्येक प्रौढ साक्षरता वर्गांत माणसं चार दिवस आली आणि पाचव्या दिवशी आली नाहीत, त्याचं एक कारण यातही शोधावं.

आणि आता ‘मन बदला’ वाल्यांबद्दल. कॅरल ड्वेक यांनी मांडलेला विचार, की बुद्धी घडवता येते असं मानणारी मुलं अडचणीत जास्त टिकतात, २००६ च्या ‘माइंडसेट’ या पुस्तकाने घरोघरी पोहोचला. त्याची मोठी कसोटी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकेत नववीच्या सुमारे बारा हजार मुलांना तासाभराहूनही कमी वेळाचा ऑनलाइन धडा दिला गेला. मागे पडलेल्या मुलांच्या गुणांत वाढ झाली, पण थोडीच. आणि ती टिकून दिसली ती मुख्यतः अशा शाळांत, जिथे सोबतच्या मुलांना अवघड गणिताशी झुंजणं आवडत होतं. जिथे तसं वातावरण नव्हतं, तिथे धड्याचा परिणाम फारसा दिसला नाही. हा निष्कर्ष प्रेरणादायी वक्त्यांच्या फार कामाचा नाही, कारण त्यावरून तिकीट लावून दोन तासांत माणसाचं आयुष्य बदलता येत नाही. शिबिरात सांगितली जाणारी साखळदंडाच्या हत्तीची गोष्टही मला म्हणूनच खटकते. लहानपणी बांधलेला हत्ती मोठेपणीही दोरी तोडत नाही, असं सांगून वक्ता समोरच्या माणसाला लाजवतो. माहुताबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

या माहुताच्या जागी बहुतेक वेळा आपणच असतो. वयस्कांच्या स्मरणशक्तीवर थॉमस हेस यांनी २००३ मध्ये केलेल्या प्रयोगात, म्हातारपणी विस्मरण होतंच असा मजकूर आधी वाचायला दिलेल्या वृद्धांना शब्दांच्या यादीतले कमी शब्द आठवले. छापील चार ओळींनी एवढं होत असेल, तर घरात रोज मिळणाऱ्या टोमण्यांनी काय होत असेल! आई फोनवरून विजेचं बिल भरायला शिकत असते. तिसऱ्यांदा चुकते. आपण ‘दे इकडे, तुला नाही जमायचं’ म्हणतो आणि तीस सेकंदांत काम उरकतो. बिल भरलं जातं, आणि आईच्या मनातल्या भाकिताला आपल्या हाताने आणखी एक पुरावा जोडला जातो. पुढच्या वेळी ती फोन हातातच घेणार नाही, आणि आपण म्हणू की बघा, हिला शिकायचंच नाही.

तेव्हा एवढं करा. घरात कोणी काही नवं शिकत असेल, तर फोन त्यांच्याच हातात राहू द्या, बटणावर बोट त्यांचंच पडू द्या आणि चौथ्यांदा चुकलं तरी पाचव्यांदा सांगा. आणि स्वतःच्या तोंडून ‘या वयात आता’ निघालं, तर ते वाक्य कोणी, कधी आणि कशासाठी शिकवलं होतं, याची जरा चौकशी करा.